पांढरी बारी चढते

देवळा
१० फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप आक्कास,
गोरखचा साष्टांग नमस्कार.

पत्राच्या कोपऱ्याला हळदकुंकू बघून दचकू नकोस. लग्न कुणाचं नाही. हे आखाजीचं मूळ आहे. अक्षय्य तृतीया एप्रिलच्या शेवटी आणि मूळ फेब्रुवारीत, म्हणजे भाऊ जरा घाईवर आला असं तुला वाटेल. पण गेल्या वर्षी तुला परत सोडायला आलो तेव्हा तू इंदिरानगरच्या त्या जिन्यात उभी राहून सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं म्हणालीस, "पुढच्या वर्षी मला न्यायला येऊ नकोस." तेव्हापासून फोनवर तू माझ्याशी पाऊस, कांदा आणि अमोलचा खोकला यांच्यापलीकडे बोलत नाहीस. माहेरचं बोलावणं फोनवर धाडायचं नाही, कागदावर धाडायचं आणि उत्तरही कागदावरच घ्यायचं, ही नानांची रीत. म्हणून हा कागद.

आता गेल्या वर्षीचं. लोकांनी त्याचं फार मोठं केलंय. पांढरी बंद पडली नव्हती, थांबली होती. भावडबारीच्या घाटाचा चढ, मे महिन्याचं ऊन, आत तू, मी, अमोल आणि तुझी सून योगिनी, वर तुमचं सामान, आणि गाडी २००७ सालची. एवढ्या वयाच्या बैलाला आपण केव्हाच बसवून खायला घातलं असतं. कांद्याच्या ट्रॅक्टरवाल्यानं आपण होऊन दोर टाकला, मी काही हात जोडले नव्हते. आणि ट्रॉलीत कांद्यावर बसायला तुला मी सांगितलं नव्हतं. या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही असं तूच म्हणालीस आणि वर चढलीस.

ते जाऊ दे. तुझ्या लग्नापासून आधी नाना आणि मग मी, कुणी ना कुणी मुराळी म्हणून तुला न्यायला तुझ्या दारात उभं राहिलंय. बहीण आखाजीला एकटी आली, किंवा आलीच नाही, तर मी गल्लीत कोणत्या तोंडानं फिरू? वत्सला म्हणते, आहे त्याच तोंडानं. नवऱ्याची लाज काय असते ते तिला कळत नाही.

मी येतोय. तयार राहा.

तुझा
गोरख


इंदिरानगर, नाशिक
१८ फेब्रुवारी २०२५

चि. गोरख यास आशीर्वाद.

मूळ पोचलं. कुंकू ओलंच लावून पाकीट बंद केलंस, त्यामुळे अर्धं पत्र मला अंदाजानं वाचावं लागलं.

गाडी थांबली होती म्हणतोस. थांबलेली गाडी मागे येते का? मी आत बसले होते, मला विचार. आणि नेमक्या त्याच वेळी योगिनीच्या आई त्यांच्या नव्या गाडीतून सटाण्याला लग्नाला निघालेल्या. मी कांद्याच्या ढिगावर बसलेली, खाली पांढरी दोरानं बांधलेली. त्यांनी काच खाली करून विचारलं, "येता का आमच्यात?" मी म्हणाले, "नको, मला इथं हवा लागते." तेव्हापासून त्यांच्याकडे कुठलंही कार्य असो, मी गेले की कुणीतरी पंखा माझ्याकडे वळवतं आणि सगळ्या तोंडाला पदर लावतात.

बरं, गेल्या वर्षाचं सोड. त्याआधी तरी काय होतं? आपण दोघंच असलो तरी तेच. बारीच्या माथ्यावर तू गाडी कडेला घेतोस, बोनेट उघडतोस, आणि ती निवेपर्यंत आपण त्या दगडी कठड्यावर बसून राहतो. शेंगदाणे संपतात, पाणी संपतं, वत्सलाबद्दलच्या तुझ्या तक्रारी संपतात, तरी पांढरीची वाफ काही संपत नाही. या वयात माहेरची वाट कठड्यावर बसून काढायची माझी इच्छा नाही.

मला यष्टीत अर्धं तिकीट आहे. यष्टी बारी चढते, मधे थांबत नाही, आणि कंडक्टर मावशी म्हणून हात देतो. यायचं झालं तर यष्टीनं येईन, नाहीतर यंदा येणार नाही. तुझ्याकडे आले नाही म्हणून माझं फार अडणारही नाही. वत्सलाच्या पुरणपोळीत पुरण शोधायला भिंग लागतं.

कुसाआक्का


देवळा
२ मार्च २०२५

तीर्थस्वरूप आक्कास नमस्कार.

तुझं पत्र वाचून दोन दिवस घास गोड लागला नाही. "मला इथं हवा लागते" हे वाक्य देवळ्यातही पोचलंय, परवा केस कापणाऱ्यानं ऐकवलं. पण रडत बसणारा गोरख नव्हे.

सटाणा रस्त्याला धम्मपालचं गॅरेज आहे. तरुण माणूस, ट्रॅक्टर म्हणू नको, टेम्पो म्हणू नको, सगळं उघडतो. त्याला म्हटलं, नवी गाडी घ्यायची नाही, पण पांढरीनं बारी चढली पाहिजे. न थांबता, न तापता, बहिणीला घेऊन. तो पांढरीच्या खाली गेला आणि बराच वेळ बाहेरच येईना. मला वाटलं झोपला. मग खालूनच म्हणाला, "काका, हिचा टर्बो म्हातारा झालाय. हवाच ओढत नाय. मोठा टाकू."

टर्बो म्हणजे काय ते सांगतो, मलाही परवाच कळलं. चुलीला जशी फुंकणी तसा इंजिनाला टर्बो. इंजिनाचा धूर बाहेर जातो, त्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो बाहेरची हवा आत कोंबतो. हवा जास्त तर डिझेल जास्त जळतं, डिझेल जास्त जळलं तर जोर जास्त. म्हणजे आपल्याच धुरानं आपली चूल फुंकायची. एवढा धूर काढणाऱ्या आपल्या घराण्यात हे कुणाला सुचलं नाही याचं वाईट वाटतं.

आता मुद्द्याचं. धम्मपाल विचारतोय, चढावर भार किती धरायचा? माझं वजन मी दिलं. सामान अंदाजानं सांगितलं. तुझं तेवढं राहिलंय. जेवढं सांगशील तेवढ्या वजनाची कांद्याची गोणी तुझ्या जागेवर बसवून चाचणी घ्यायची आहे. खरं सांग, यंत्राचा मामला आहे.

गोरख


इंदिरानगर, नाशिक
९ मार्च २०२५

चि. गोरख,

बहिणीचं वजन विचारणारा भाऊ मी पहिल्यांदा पाहिला. अमोलच्या बाबांनी संसारात कधी विचारलं नाही. एका डॉक्टरनं विचारलं तर मी डॉक्टर बदलला.

आणि एवढ्या जुन्या गाडीला नवा टर्बो? आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. तू ती उघडशील, ती पुन्हा मिटणार नाही, आणि आखाजीला तू अंगणात नटबोल्ट मोजत बसशील. माझं ऐक, दे सोडून. मी यष्टीनं येते असं गल्लीत आधीच सांगून टाक, म्हणजे त्या दिवशी कुणाला नवल वाटणार नाही.

अठ्ठावन्न. त्या धम्मपालशिवाय कुणाला सांगू नकोस. वत्सलाला तर नाहीच. ती दळणाच्या बाईला सांगेल आणि पिठाबरोबर ते घरोघर जाईल.

कुसाआक्का

(खाली, वेगळ्या अक्षरात)

मामा, नमस्कार. आईनं पाकीट टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी लिहितो. अठ्ठावन्न हे लॉकडाऊनच्या आधीचं आहे. गोणी मोठी घ्या. आणि इंजिनात एवढा फेरफार करणार असाल तर आरटीओत आणि विमावाल्यांना विचारून करा, नाहीतर उद्या काही झालं तर ते हात वर करतील. अमोल.


देवळा
२७ मार्च २०२५

आक्कांना वत्सलाचा नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहीत नाही. म्हणून आधीच सांगते, सगळे खुशाल आहेत.

महिना होत आला, आमच्या अंगणात पांढरीचं पोट उघडं पडलंय. आखाजीला तुम्ही ज्या मागच्या खोलीत झोपता तिथं जुना रेडिएटर, नळ्या आणि बोल्टांचे डबे झोपलेत. नवा टर्बो आला त्या दिवशी यांनी तो पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. मी नीट पाहिला. हुबेहूब गोगलगाय. मनात म्हटलं, गोगलगाय अन् पोटात पाय, आणि तसंच झालं. टर्बो बसला, तर म्हणे आत जाणारी हवा तापते, ती निववायला मोठी जाळी हवी. जाळी आली, मग डिझेलचा पंप खोलला. पंप झाला, तर जोर एवढा वाढला की जुना क्लच धरेना. इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागच्या जागी. क्लच झाला, मग रेडिएटर. शेवटी धम्मपाल म्हणाला, "काकू, पळंल तर लय आता. पण थांबाया बी पायजे ना." म्हणून ब्रेक. जुन्या पांढरीतला आरसा आणि हॉर्न तेवढा शिल्लक आहे. अमोलच्या सांगण्यावरून आरटीओत दोन फेऱ्या झाल्या. तिथल्या साहेबांनी कागद ठेवून घेतले आणि यांना चहा पाजला, एवढंच मला कळलं.

चाचणीला तुमच्या जागी कांद्याची गोणी बसते. पुढच्या सीटवर, पट्टा लावून. अमोलच्या ओळी वाचल्यावर तिच्या मांडीवर आणखी अर्धी गोणी दिली. काल बारीवरून परत आले तेव्हा मला म्हणाले, "बघ, अगदी आक्काला नेऊन आणल्यासारखं वाटलं." मी म्हटलं, गोणी बोलत कुठं होती, चाचणी अर्धीच झाली.

आणखी एक. यांचा वाचायचा चष्मा इंजिनात पडला आणि पंख्यानं त्याचा भुगा केला. तेव्हापासून लिहितात अंदाजानं, पण तुमची पत्रं मीच वाचून दाखवते. आधीचीही पुन्हा वाचायला लावली, वजनाचा आकडा हवा होता म्हणून. पुरणाचं वाचलं. दळणाच्या बाईचंही वाचलं. माझा राग नाही. यंदा पुरण जास्त भरेन.

तेवढं यायचं बघा. हे झोपेतही गिअर टाकायला लागलेत. तुम्ही आला नाहीत तर हीच गाडी घेऊन माझ्या माहेरी जाऊ म्हणतात, आणि मला तिथं एवढ्या लवकर पोचायचं नाही.

वत्सला


इंदिरानगर, नाशिक
४ एप्रिल २०२५

चि. गोरख यास आशीर्वाद, आणि चि. सौ. वत्सलास अनेक, अनेक आशीर्वाद.

आधी वत्सलाबद्दल. अशी सुगरण आपल्या घराण्यात दुसरी झाली नाही हे मी इथं शेजारणींना नेहमी सांगत असते. मागे पुरणाविषयी काही लिहिलं गेलं असेल तर ते पुरण समोरच्या बिल्डिंगमधलं होतं, लिहिताना घोटाळा झाला. दळणाच्या बाईविषयी जे लिहिलं त्यात दोष त्या बाईचा होता. वत्सला, हे सावकाश आणि मोठ्यानं वाच.

गोरख, मी येते. गाडीनंच येते. मुराळी म्हणून तू ये. खरं सांगू का, वत्सलाचं पत्र वाचताना आधी मी हसले आणि मग मला भरून आलं. मी रागाच्या भरात एक वाक्य बोलून गेले आणि तू अख्खी गाडी खोलून बसलास. एवढं माझ्यासाठी आता दुसरं कुणी करणार नाही.

यंदा मी एकटीच आहे. अमोल आणि योगिनीला सुट्टी नाही. ते बरंच झालं, कारण मला तुझ्याशी एक महत्त्वाचं बोलायचं आहे. पत्रात लिहिता येत नाही, पत्र कोण वाचतं ते आता कळलंय. (वत्सला, तुझ्याविषयी काही नाही.) फोनवर इथं घरातले असतात, आणि देवळ्याच्या घरात आखाजीला मुंगीला शिरायला जागा नसते. तेव्हा वाटेत बोलू, नेहमीसारखं. तू होकार दे किंवा नकार दे, पण माझं पुरतं ऐकून घे. पुढचं सगळं माझं त्याच्यावर आहे.

कुसाआक्का


देवळा
१५ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप आक्कास नमस्कार.

पांढरीनं बारी चढली. चढली म्हणजे काय, बारी आली कधी आणि गेली कधी ते गोणीलाही कळलं नाही. तापमानाचा काटा मधेच उभा, हलायचं नाव नाही. वर पोचल्यावर धम्मपालनं बोनेटवर हात ठेवून सांगितलं, "काका, हिच्यापेक्षा तुमचंच डोकं गरम हाय."

आता तिची थोडी सवय करावी लागते. पाय दाबला की आधी ती विचार करते. काहीच होत नाही. वत्सलाच्या भावाला काही काम सांगितलं की तो जसा बघत राहतो, तसं. आणि आपण पाय काढणार एवढ्यात एकदम निघते. परवा पाचकंदील चौकात समोरून सरपंच आले. मी राम राम घालायला तोंड उघडलं, तर सरपंच मागे पडले होते आणि तो राम राम एका म्हशीला लागला. पाय सोडला की बारीक शिट्टी वाजते. गल्लीतली पोरं त्या शिट्टीसाठी सकाळपासून बसतात.

तू काही महत्त्वाचं बोलायचं म्हणतेस. पण वाटेत कशाला? वाटेत माझं सगळं लक्ष गाडीवर लागणार, ती आता पूर्वीची राहिलेली नाही. सहज कळवतो, इथले तलाठी महिनाभर रजेवर आहेत, आणि सातबाऱ्याचं कुठलंच काम सध्या होत नाही. तुझं त्याच्याशी काही नसेलच. ओघात आलं म्हणून लिहिलं.

सामान कितीही घे.

गोरख


इंदिरानगर, नाशिक
९ मे २०२५

चि. गोरख,

सुखरूप आहे. कान अजून थोडे भरलेत, बाकी ठीक.

गाडीला नावं ठेवायला जागा नाही, हे मी सगळ्यांना सांगितलं. योगिनीच्या आईंना तर मुद्दाम फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता हवा लागते का?" मी म्हणाले, "आता हवा आम्हाला गाठू शकत नाही." एवढं सुख तुझ्या टर्बोनं मला दिलं, त्याबद्दल पुढच्या भाऊबीजेला तुला दोनदा ओवाळीन.

पण चांदवड सोडल्यावर मी म्हणाले, "गोरख, ऐक." तू म्हणालास, "थांब आक्का, आता बघ." आणि पाय दाबलास. थोडा वेळ काहीच नाही, मग सीटनं मला मागे ओढून धरलं. चढ लागला तेव्हा मी "मला" म्हणाले. आपला कठडा आला आणि गेला. मी "असं" म्हणाले. "वाटतं" म्हणेपर्यंत देवळ्याची पाण्याची टाकी दिसायला लागली.

मग चार दिवस घर भरलेलं. अंगणात झोक्यावर मुली, स्वयंपाकघरात बायका, आणि तू जो येईल त्याला बोनेट उघडून दाखवतोयस. (पुरण भरपूर होतं, पोळीतून उतू जात होतं, हे वत्सलाला सांग. म्हणजे ती वाचेलच.) परतीला पुन्हा तोच वेग. मी तोंड उघडलं की तू म्हणायचास, "ऐक, शिट्टी ऐक."

खरं सांगते, मला त्या कठड्याची फार आठवण आली. मीच त्याला नावं ठेवली होती. पण नाना गेल्यावर तुला घरात करमत नाही हे तू मला तिथंच सांगितलंस. अमोलच्या बाबांचं दुखणं मी सगळ्यांच्या आधी तुला तिथंच सांगितलं. घरी आले की मी पाहुणी असते, माझ्या पुढ्यात पाट आणि ताट. माझं माहेर त्या अर्ध्या तासापुरतं होतं, आणि ते मला आत्ता कळलं.

बोलायचं होतं ते राहिलं, आता राहू दे. एवढंच कळवते, अमोलची पुण्याला बदली झाली आहे. इथलं घर भाड्यानं देऊन जूनमध्ये आम्ही तिकडे जातो. बाराव्या मजल्यावर फ्लॅट आहे. लिफ्ट आहे, खिडकीतून दुसऱ्या खिडक्या दिसतात. दोघं दिवसभर कामावर असणार. पुढच्या आखाजीचं मूळ पुण्याच्या पत्त्यावर धाड. येणं होईलच असं नाही.

कुसाआक्का


देवळा
१६ मे २०२५

तीर्थस्वरूप आक्कास,
गोरखचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वत्सलानं वाचून दाखवलं. मधेच थांबली आणि डोळे पुसायला लागली. म्हणाली, कांदा झोंबला. कांदा चाळीत होता आणि ती ओट्यावर.

आक्का, एक वाईट बातमी आहे. पांढरी पुन्हा तापायला लागली. बारीच्या माथ्यावर हमखास. धम्मपालला दाखवली. तो म्हणतो, "काका, काटा मधीच हाय. हिला काय बी झालेलं नाय." त्याला काय कळतं? गाडी माझी आहे, ती तापली की नाही ते मी सांगणार. माथ्यावर अर्धा तास तरी बोनेट उघडून उभी करावीच लागते. कठडा अजून तिथंच आहे. काल एकटाच जाऊन बसून आलो. एकट्याला शेंगदाणे संपत नाहीत.

पंचवीस तारखेच्या रविवारी मी तुला न्यायला येतोय. आखाजी नाही, दुसराही कुठला सण नाही. पण कोपऱ्याला कुंकू लावलंय, तेव्हा हे मूळच समज. पुण्याला जायच्या आधी ये आणि जे बोलायचं ते बोल. शेताच्या वाटणीचं असेल तरी बोल. आईबापाच्या जमिनीत तुझा वाटा आहेच, मी गाडी पळवल्यानं तो कमी व्हायचा नाही. त्या दिवशी मी मुद्दाम पळवली. भीती वाटली. मला सगळ्यात वाईट याचं वाटतं की तू मागत असशील आणि मी शिट्टी ऐकवत होतो.

तुझा
गोरख

(खाली, बारीक अक्षरात)

आक्का, पाकीट टाकायला माझ्याकडे आलं, म्हणून अमोलसारखंच करते. तुम्हाला जमीन नको आहे हे मी यांना तेव्हापासून सांगतेय, पण पुरुषाला बहीण महत्त्वाचं बोलणार म्हटलं की सातबाराच दिसतो. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मागच्या खोलीत एकट्या उभ्या होतात. खिडकी उघडून पाहिलीत. मोरीचा नळ सोडून पाहिलात. मला विचारलंत, "याला बारा महिने पाणी असतं का गं?" चार दिवसांच्या पाहुणीला बारा महिन्यांच्या पाण्याची काय काळजी? मी तेव्हाच समजले. लेक म्हातारपणी माहेरी राहायला आली तर लोक काय म्हणतील, म्हणून तुम्ही गप्प बसलात. लोकांना सध्या टर्बोचा विषय आहे, तो वर्षभर पुरेल.

खोलीतले डबे काढलेत आणि चुना दिलाय. यांना कारण सांगितलेलं नाही, ते तुम्ही बारीवर सांगा. ते हो म्हणतील. माझा होकार त्याआधीचा धरा. पुरण मात्र मीच भरेन.


इंदिरानगर, नाशिक
२१ मे २०२५

चि. गोरख यास आशीर्वाद.

मूळ पोचलं. रविवारी ये. सकाळी नको, ऊन चढल्यावर निघू. गाडी तापायला काही निमित्त हवं.

वत्सला, आता पुढचं मनातल्या मनात वाच, गोरखला ऐकवू नकोस. तुझ्या ओळी मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही. अमोलला सांगितलं. तो आधी चिडला, मग रडला, मग माळ्यावरून खोकी काढायला लागला. दर महिन्याला येईन म्हणतो, आणि योगिनीनं उन्हाळ्याची सुट्टी आत्ताच तुझ्याकडे लावून टाकलीय. चुन्यानं मला शिंका येतात, पण बरं केलंस. पुरण तू भर. मी पोळ्या लाटेन.

आता मोठ्यानं वाच. गोरख, जमीन मला नको. काय हवंय ते कठड्यावर बसल्यावर विचारीन. उत्तर मला ठाऊक आहे, तरी तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, म्हणून आधी कुणाला विचारत फिरू नकोस. सामान या वेळी जास्त आहे. लोखंडी पेटी, शिलाई मशीन, पितळेचे डबे आणि आईचा पाटा-वरवंटा. एवढं चार दिवसांसाठी कशाला, असं दारात उभा राहून विचारू नकोस, जिन्यात सगळ्या सोसायटीला ऐकू जातं. धम्मपालला म्हणावं, भार धरताना अठ्ठावन्न धरू नको. अमोलनं लिहिलं ते खरं आहे.

एवढं घेऊन बारी चढायची तर टर्बो लागणारच होता, तेव्हा तू केलंस ते योग्यच केलंस. चढू दे तिला जोरात. माथ्यावर तेवढी थांबव. शेंगदाणे मी आणते.

तुझी
कुसाआक्का